माउस आला, प्रश्न गेला

मित्रांनो, ज्याच्यावर जन्मात एकही चित्र उमटलं नाही, असा मी संगणकाचा एक जुना टर्मिनल आहे. काळा पडदा आणि हिरवी अक्षरं, एवढीच माझी संपत्ती. पाणीपुरवठा केंद्रात मला टेबलावर बसवलं, तेव्हाचा माझा थाट काही विचारू नका! साहेब पाहुण्यांना मुद्दाम मला दाखवायला आणत.

माझ्यासमोर मावशी बसायच्या. सगळं केंद्र त्यांना मावशीच म्हणे. शहरभरच्या नळांचे चाळीस व्हॉल्व्ह माझ्या पडद्यावर एकाखाली एक लिहिलेले असत. मावशी क्रमांक दाबत, मी विचारी, 'नक्की बंद करू?' मावशी ती ओळ मोठ्याने वाचत आणि मगच होकाराची कळ दाबत. बावीस वर्षं आमचं असं सूत जुळलं होतं.

पुढे संधिवाताने मावशींची बोटं वाकडी झाली. एक कळ दाबायला जावं, तर दोन दाबल्या जात. साहेबांनी स्पष्टच सांगितलं, "महिनाभर बघू. नाही जमलं तर घरी बसा." मावशींच्या घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं.

तेव्हा केंद्रातल्या इंजिनिअरने कंबर कसली. माझ्यासारख्या निव्वळ अक्षरांवर जगणाऱ्याला माउस जोडायचा, म्हणजे उतारवयात पोहायला शिकण्यासारखंच! पण आठवडाभर खपून त्याने ते केलं. माझ्या पडद्यावर एक उजळ चौकोन अक्षराअक्षरावरून सरकू लागला. मावशी तळहाताने माउस ढकलत आणि हव्या त्या ओळीवर क्लिक करत. होकाराची कळ दाबायचा त्रास नको, म्हणून इंजिनिअरने चांगल्या मनानेच माझा प्रश्न काढून टाकला.

तिसऱ्याच दिवशी मावशींचा हात थरथरला. चौकोन एक ओळ खाली घसरला आणि क्लिक होताच रुग्णालयाचं पाणी बंद झालं. सवयीने मावशींनी ओळ वाचली आणि त्या ओरडल्या, "अगं बाई, हे काय झालं!" त्यांनी लगेच व्हॉल्व्ह उघडला, तरी दहा मिनिटं तिथले नळ कोरडे राहिले.

साहेब तणतणत आले. "हात चालत नाही, तर हट्ट कशाला करता?"

मावशी मान खाली घालून उभ्या राहिल्या. खरं काय ते मला ठाऊक होतं, पण मला तोंड कुठे? इंजिनिअर गप्प राहिला असता, तर त्याच्या केसालाही धक्का लागला नसता. माझा जीव टांगणीला लागला.

"साहेब, चूक माझी आहे," तो म्हणाला. "मशीन आधी विचारायचं. तो प्रश्न मी काढला. आणि काढताना मावशींना विचारलंसुद्धा नाही."

मावशींनी डोळे पुसले. मग त्याच्या शेजारी बसून त्यांनीच सांगितलं, "प्रश्न परत घाल. पण होय आणि नाही जवळजवळ नको लिहूस. एक या टोकाला, एक त्या टोकाला. हात थरथरला तरी तिथवर जाणार नाही." तसंच झालं. पुढची चार वर्षं, निवृत्तीच्या दिवसापर्यंत, मावशींच्या हातून एकही व्हॉल्व्ह चुकला नाही.

आता माझ्या जागी रंगीत पडदा आहे आणि मी अडगळीच्या खोलीत धूळ खातो. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. पण मित्रांनो, कुणाचे हात थकले, तर त्याला घरी पाठवण्याआधी त्याच्या शेजारी बसा. त्याचं काम सोपं करायला जाल, तेव्हा आधी त्यालाच विचारा. आणि तरीही चुकलात, तर तसं मोठ्याने सांगा. त्या दिवशी इंजिनिअर बोलला नसता, तर मावशी जन्मभर स्वतःच्या हातांनाच दोष देत राहिल्या असत्या.