आधी इंजिन, मग पाणी

"आई, तू विसरलीस," असं माझा मुलगा पहिल्यांदा म्हणाला तेव्हा माझ्या हातात चौदा नंबरचा पाना होता. तो मी गुपचूप खाली ठेवला. माझ्यात अजून तेवढा संयम आहे, याची सगळ्यांनी नोंद घ्यावी.

विसरले म्हणे! सव्वीस वर्षं मी जेट बोट चालवते आहे. आमची नदी म्हणजे वीतभर पाणी आणि हातभर दगड. साधी बोट पहिल्याच वळणावर पंखा मोडून बसते. माझ्या भिंगरीला खाली पंखाच नाही. ती पोटाखालून पाणी ओढते, मागून जोरात फेकते आणि सुटते. वरच्या गावाला रस्ता नाही, त्यामुळे तिथली नर्स, शाळेच्या बाई, टपाल, गॅसच्या टाक्या आणि दोन वेळा अडलेल्या बाळंतिणी, सगळं मीच नेलं आणि आणलं. तेव्हा कोणी माझं वय विचारलं नव्हतं.

नदीचं पाणी गढूळ असतं, म्हणून रोज घरी आल्यावर ट्रेलरवरच्या बोटीला अंगणातल्या नळाची नळी जोडून इंजिन आतून धुवावं लागतं. त्याचा एक नियम आहे. सुरू करताना आधी इंजिन, मग पाणी. थांबवताना आधी पाणी बंद, मग इंजिन. इंजिन बंद आणि नळ चालू असं झालं, तर पाणी धूर बाहेर पडायच्या वाटेनं उलटं आत शिरतं आणि सिलिंडरमध्ये जाऊन बसतं. मग दुसऱ्या दिवशी किल्ली फिरवली की पिस्टन त्या पाण्यावर आदळतो. पाणी काही दबत नाही, मग लोखंड वाकतं.

तेच झालं. सकाळी किल्ली फिरवली, इंजिन दोनदा गुरगुरलं, आणि आत असा काही धाडकन आवाज झाला की माझे दात वाजले.

मुलगा विमा कंपनीत आहे. कुठे आग लागली, कुठे गाडी ठोकली, की हा जाऊन कोण काय विसरलं ते शोधतो. त्याला घरातच केस मिळाली. संध्याकाळी त्यानं मला समोर बसवलं.

"काल इंजिनाच्या आधी नळ कोणी बंद केला?"

"मी."

"नक्की?"

"अरे, नक्की म्हणजे काय? रोज करते."

"रोज करते म्हणूनच विचारतोय. काल केलास का?"

आमचे हे बाजूला वर्तमानपत्र धरून बसले होते. "जाऊ दे ना आता," एवढंच म्हणाले. मला वाटलं, माझी बाजू घेतायत.

मग मुलानं निकाल सांगितला. नवं इंजिन बसवू, अगदी कोरं. पण बोटीवर पगारी ड्रायव्हर ठेवू, त्यानं एक माणूस बघूनही ठेवला होता. आणि मला एकदा त्या विसरभोळ्या लोकांच्या डॉक्टरांना दाखवून घेऊ. सहा आठवड्यांनंतरच्या शनिवारी अकराची वेळ मिळत होती.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "नवं इंजिन बसवा आणि त्यावर नवा माणूसही बसवा. मी काय करू? किनाऱ्यावर उभी राहून टाटा करू?"

"आई, तुझ्या काळजीनंच बोलतोय."

"तुझी काळजी घडी करून खिशात ठेव. मी हेच इंजिन उघडणार आणि हेच बांधणार. ते बांधून चालू झालं, तर चाक माझं. नाही झालं, तर आण तुझा ड्रायव्हर."

तो हसला. तेच मला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याची चेनकप्पी आणून मी इंजिन वर काढलं. धरायला सून होती. सून दातांची डॉक्टर आहे आणि नवऱ्यापेक्षा तिला अक्कल जास्त आहे. हे मी त्याच्या तोंडावर सांगते, त्यामुळे इथेही सांगायला हरकत नाही. इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, काढायच्या आधी तिनं दवाखान्यातला छोटा आरसा आणला आणि प्लगच्या भोकातून आत घातला.

"आई, तिसऱ्यात आणि पाचव्यात पाणी आहे. बाकीच्या दाढा शाबूत."

उघडलं, तर तिसऱ्या आणि पाचव्याचे, पिस्टनला खालून धरणारे कनेक्टिंग रॉड कमरेत वाकलेले. म्हणजे पाणी बंद इंजिनात गेलं होतं, यात काही वादच उरला नाही. मी ते दोन रॉड हातात घेऊन पायरीवर बसले.

खरं सांगते, तेव्हा मी घाबरले. इंजिनाला नाही, स्वतःला घाबरले. त्या संध्याकाळची एकेक गोष्ट मी शंभर वेळा डोळ्यांसमोर आणली. भिंतीपाशी गेले, डाव्या हातात पुसायचं फडकं, उजव्या हातानं नळ घट्ट पिळला, मग परत येऊन किल्ली बंद केली. आणि शंभर वेळा आठवल्यावर एकशे एकाव्या वेळी मला ते दोन्ही प्रकारे दिसायला लागलं, आधी नळ बंद केलेलाही आणि आधी किल्ली बंद केलेलीही. तसलं वाईट मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

त्यात घरचे लोक मदतीला होतेच. जेवताना मुलगा सहज विचारल्यासारखं विचारायचा, "आई, परवा आपण काय भाजी खाल्ली?" एकदा मी म्हटलं, "तुझं डोकं खाल्लं, तेही चवीला बेताचंच होतं." सून ठसका लागून पाणी प्यायला आत गेली. हे मान खाली घालून जेवत राहिले.

इंजिनाचा ब्लॉक लेथवाल्याकडे नेला. त्याला सगळे मायक्रॉन म्हणतात, कारण तो केसाच्या जाडीपेक्षा मोठं माप तोंडातून काढत नाही. त्यानं सिलिंडरमध्ये बोट फिरवलं, डोळे मिटले, गेज लावलं.

"काकू, दोन रॉड भंगारात. दोन पिस्टनही. क्रँक मात्र सरळ आहे. कोण बांधणार?"

"मी."

"मग ठीक," म्हणाला, आणि कामाला लागला. सहा आठवड्यांत मला ठीक म्हणणारा, सुनेनंतर, तो दुसरा माणूस.

त्यानंतर अंगणात जुन्या चादरीवर माझा संसार मांडला. प्रत्येक बोल्ट खोक्यात, प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी. विसरभोळी ना मी! बेअरिंग बसवली, रिंगा चढवल्या, नवं गॅस्केट ठेवलं. सून मापं वाचायची आणि मी टॉर्कच्या पान्यानं बोल्ट आवळायचे, आधी थोडे, मग आणखी, आतून बाहेर. एकदा चौथ्या सिलिंडरच्या रॉडची कॅप मी उलटी बसवली. क्रँक फिरेना. मीच माझ्या नावानं शंख केला, कॅप काढली आणि नीट बसवली. हात सोलले, नखं काळी झाली, कंबर बोलायला लागली. पण एक गोष्ट झाली. तिसऱ्या आठवड्यानंतर ती नळाची आठवण मी काढायची बंद केली. म्हटलं, विसरले असेन तर विसरले. मोडलं असेल तर मीच मोडलं, आणि बांधतेयही मीच. पुढे बोला!

हे रोज चहा आणून द्यायचे. आणायचे, कप ठेवायचे, दोन मिनिटं उभे राहायचे आणि आपल्या कुंड्यांकडे निघून जायचे. भिंतीला लागून यांच्या बावीस कुंड्या आहेत.

तो शनिवार उजाडला. इंजिन बोटीत बसवलेलं, बोट ट्रेलरवर. मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून गाडीची किल्ली बोटावर फिरवत उभा. "आई, नऊ वाजलेत. साडेदहाला निघायचंय, बरं का."

"बघू," म्हटलं.

नळी नीट जोडली आहे का ते बघायला मी भिंतीपाशी वाकले. भिंतीतला नळ एकच. त्याला पुढे दोन तोंडांचा जोड, एक नळी बोटीकडे, एक यांच्या कुंड्यांकडे. मी नेहमी भिंतीतला मुख्य नळच बंद करते, पुढचं कधी बघत नाही. आज बघितलं. बोटीकडच्या तोंडावर एक पितळी कॉक होता. नवा. झळकत होता. आट्यांना गुंडाळलेली पांढरी टेपसुद्धा अजून पांढरी होती.

असा कॉक तिथे कधीच नव्हता. मी लावला नव्हता. मग बोटीकडे पाणी जाऊ नये म्हणून तिथे कॉक कोणाला हवा होता? ज्याला मुख्य नळ उघडून कुंड्यांना पाणी घालायचं असतं त्याला.

मी वर बघितलं. हे तिथेच उभे होते. त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. चष्मा स्वच्छ होता.

मी सरळ बोटीत चढले. आधी काम.

किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा खोकलं, आणि तिसऱ्यांदा असं काही बोलायला लागलं की गल्लीतली दोन माणसं थांबली. सून टाळ्या वाजवत ओरडली. मी ओरडले, "पाणी!" यांनी नळ सोडला. मागून स्वच्छ धार पडायला लागली. दहा मिनिटं मी काट्यांवर नजर ठेवून बसले. तेलाचा दाब बरोबर, तापमान बरोबर, आवाज एकसुरी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी तेलकट बाहीनं पुसलं.

"पाणी बंद!"

यांनी नळ पिळला. मग मी किल्ली बंद केली.

"आता सांगा त्याला," मी म्हटलं.

"काय?" मुलानं विचारलं.

"तुला नाही. यांना बोलतेय."

यांनी नळावरचा हात काढला. "त्या दिवशी हिनं नळ बंद केला होता. ही अंघोळीला गेली. मी कुंड्यांना पाणी घालायला नळ उघडला. बोटीची नळी जोडलेलीच आहे, हे लक्षातच आलं नाही. अर्धा तास तरी चालू होता, मग मीच बंद केला."

"बाबा! मग बोलला का नाहीत?"

"बोलणार होतो. पण तू वयाचं काढलंस. मी हिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. म्हटलं, मलाच वेड्यात काढाल."

"म्हणून मला काढू दिलंत," मी म्हटलं.

ते बोटीच्या कडेला हात ठेवून उभे राहिले. त्यांचा चेहरा बघून एरवी मला दया आली असती. आज आली नाही, आणि मी ती ओढूनताणून आणलीही नाही.

"सहा आठवड्यांत मी अख्खं इंजिन उघडून परत बांधलं," मी म्हटलं. "तुम्हांला एक तोंड उघडता आलं नाही."

मुलगा पुढे आला. "आई, मी... मला माफ..."

"माफी नंतर. आधी त्या ड्रायव्हरला फोन कर. आत्ता, माझ्यासमोर."

त्यानं केला. जागा नाही, असं सांगितलं. मी कान देऊन सगळं ऐकलं.

"आणि अकराची ती वेळ?" फोन ठेवून त्यानं हळूच विचारलं.

"वाया कशाला घालवतोस? यांच्या नावावर कर."

सून हसू लपवायला बोटीच्या मागे गेली. हे खाली बघत म्हणाले, "आणि कुंड्या?"

"बादलीनं. मोजून बावीस. आता नळापाशी उभे राहा, मला अजून एकदा चालवून बघायचंय."

ते गेले. नळावर हात ठेवून माझ्याकडे बघत उभे राहिले, माझी हाक कधी येते म्हणून. मी किल्ली फिरवली. भिंगरी पहिल्याच झटक्यात बोलली. मी लगेच हाक मारली नाही. त्यांना वाट बघायला लावली, पाण्यावाचून इंजिनाला सोसेल तेवढीच.