थोरलीचा डबा आधी

माझ्या थोरल्या जावेचं आणि माझं चार वर्षं बोलणं नाही. पालीत हे सगळ्यांना माहीत आहे. राजगडावर जाणाऱ्या ट्रेकरांनाही आता कळलं असावं, कारण एकीच्या ओट्यावर पाणी प्यायलेली माणसं दुसरीच्या ओट्यावर जेवण विचारायला बिचकतात.

कारण विचाराल तर भाकरी. गुंजवण्याच्या एका लग्नात या जावेनं, रतनबाईनं, भरल्या पंगतीत सांगितलं, "आमच्या सुलक्षणाच्या भाकरीला पापुद्रा सुटत न्हाई, म्हनून ती ट्रेकरास्नी घालती. त्यास्नी काय कळतंय." पंगत हसली. मी उलटून जे बोलले ते खरंच होतं, आणि ते मी आजही मागं घेणार नाही. त्या दिवसापासून आमचा अबोला.

आता अबोला म्हणजे गप्प बसणं, असं शहरातल्या लोकांना वाटतं. आमच्याकडं तसं नसतं. अबोला म्हणजे समोरचं माणूस सोडून बाकी सगळ्यांना ऐकवायचं. आमच्यात ते काम मांजरीकडं होतं. घराच्या वाटण्या झाल्या, मधली दगडी भिंत दोघांची झाली, परडं अर्धं अर्धं झालं, पण मनी कुणाच्या वाट्याला आली ते ठरलंच नाही. ती दोन्हीकडं दूध पिते आणि दोघींचं ऐकून घेते. "मने, काहींना चूल लवकर पेटवता येत न्हाई बग," असं पलीकडून आलं, की मी म्हणायची, "मने, काहींची चूल पेटती लवकर, पन धूरच लई." असा आमचा संसार चालला होता.

आमच्या नवऱ्यांचं मात्र झकास. सर्जेराव भावजी आणि माझे मालक धनाजी संध्याकाळी एकाच ओट्यावर तंबाखू मळत बसतात. भांडण बायकांवर सोपवून पुरुष मोकळे होतात, ही जुनीच रीत आहे.

मी भोरच्या कॉलेजात बी.कॉम. केलं. लग्नाआधी नसरापूरला एका दुकानात हिशेब बघायचे, पण लग्नानंतर पालीतून एसटी वेळेवर मिळेना, तिथंच ते संपलं. मग इतकी वर्षं भाकऱ्या. कंटाळा आला म्हणणं कमी पडेल, मला त्या तव्याची चीड यायला लागली होती. या वर्षी पुण्याच्या एका कंपनीत घरबसल्या फोन घ्यायचं काम लागलं. पाहुणे, सण, नणंदा यांच्या यादीत नसलेलं, फक्त माझ्या नावाचं असं ते पहिलंच काम. अट एकच होती, घरात वायरीचं चांगलं नेट हवं. मोबाईलची रेंज आमच्याकडं गडाच्या आड लपून बसते, त्यामुळं तो प्रश्नच नव्हता.

वायरीचं नेट मिळेना. खांबावरचा डबा भरलाय, नवीन डबा येईपर्यंत जोडणी बंद, असं उत्तर आलं. पालीत शेवटची जोडणी मिळाली होती ती रतनबाईच्या घरी. भावजींनी ती मालिका बघायला घेतली होती.

धनाजींनी भावाला विचारलं. भावजी म्हणाले, "घे की, इहीर थोडीच आटनार हाय. मदल्या भिंतीतनं वायर वढ, तुमच्याकडं दुसरा डबा लाव." भिंतीपलीकडून लगेच आवाज आला, "मने, इहिरीचं पानी घ्यायला बी आदी तोंड उगडावं लागतं."

मी तोंड उघडलं नाही. धनाजींनी शनिवारी भिंतीला भोक पाडलं, वायर ओवली, आमच्याकडं तो दुसरा डबा, म्हणजे राउटर, आणून ठेवला आणि रविवारी सकाळी खेड शिवापूरच्या कारखान्यात कामाला गेले. भावजी वेल्ह्याला निघून गेले. एवढं नाजूक काम आणि घरात राहिलो कोण, तर आम्ही दोघी आणि मांजर. दोघे भाऊ ठरवून पसार झाले असं माझं ठाम मत आहे.

राउटरबरोबर एक कागद होता, त्यात चित्रं. पलीकडच्या मोडेमला मागं चार पिवळी भोकं. माझ्या राउटरलाही चार पिवळी, आणि बाजूला एक निळं. मी भिंतीच्या भोकाला तोंड लावून म्हणाले, "मने, वायरीचं टोक तिकडं आलंय. पिवळ्या भोकात खुपसायचं, टक् वाजंस्तोवर."

पलीकडून आवाज आला, "मने, नावच मोडेम. मोडंल आन माज्यावर येईल."

"मने, न्हाई मोडत. कंपनीचा माणूस बी असंच करतो."

"मने, कंपनीचा माणूस हात धुऊन आलता."

मी हात धुतलेले होते. तिला ते दिसायचं कारण नव्हतं, पण लागायचं ते लागलंच. तेवढ्यात टक् वाजलं. मी माझं टोक उचललं आणि पिवळ्या भोकात घातलं. पिवळ्यातून निघालेली वायर पिवळ्यातच जाणार, असा माझा सरळ हिशेब होता. सोयरीक जुळवताना आपण हेच बघतो.

दिवे लागले. मला आनंद झाला, तो पाणी प्यायला उठेपर्यंत टिकला. पलीकडं मालिकेतली सून रडत होती, ती रडता रडताच थांबली. मग रतनबाईचा आवाज चढला. "मने, गेलं गं. हिचं तर न्हाईच आलं, माजं बी घालवलं. जितं हात लावंल तितं वाटूळं."

असं बोलणं ऐकून घ्यायची मला सवय नाही. पण उत्तर देत बसले असते तर सोमवार उजाडला असता. मी चपला घालून पाण्याच्या टाकीपाशी धावले. तिथं कठड्याला टेकून उभं राहिलं की फोन लागतो. आमच्या कामावर देखरेख करणारी शेफाली म्हणून एक मुलगी आहे, तिला सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "ताई, तुम्ही पिवळं पिवळ्याला जोडलंत. आता दोन्ही डब्यांना वाटतंय की घरचा मालक मीच. दोघांचा पत्ता पण एकच. मग ते भांडतात आणि कुणालाच काही मिळत नाही."

"मग काय करू?"

"तुमच्या बाजूची वायर निळ्यात घाला. निळं म्हणजे, मी दुसऱ्याकडून घेतेय हे कबूल करणं. आणि दोन्ही डबे बंद करून परत लावा. आधी मोडेम. त्याचे दिवे नीट लागले की मग तुमचा राउटर. उलटं करू नका." मग म्हणाली, "ताई, उद्या दहाला हजेरी आहे. पहिल्याच दिवशी कुणी दिसलं नाही तर जागा पुढच्या मुलीला जाते. ते माझ्या हातात नाहीये."

घरी आले. वायर निळ्यात घातली आणि भिंतीपाशी बसले. "मने, तिकडचा डबा बंद करून परत लावायचाय. आदी तिकडचा, मग हितला."

"का गं मने, आदी हिकडचा का?"

तिला कळलं होतं. मालिकेतल्या सात सुनांची नाती पाठ असलेल्या बाईला एवढं कळत नाही, यावर मी विश्वास ठेवणार नाही. तिला ते माझ्या तोंडून हवं होतं. मी दात आवळून म्हणाले, "मने, तिकडचा डबा थोरला हाय. त्याचं आदी."

पलीकडं ती हसली, अगदी पोट भरून. "बगितलंस मने, प्लास्टिकच्या डब्याला बी मानपान कळतो. मानसांचंच आवगड हाय." मग बटणाचा आवाज आला. मी वाट बघितली. तिकडची सून परत रडायला लागली तेव्हा मी माझा राउटर लावला. निळ्या भोकाजवळचा दिवा हिरवा झाला, आणि लॅपटॉपवर शेफालीनं पाठवलेलं पान उघडलं. मी ते पान नुसतंच बघत बसले. डोळ्यांत पाणी आलं, ते भिंतीच्या भोकातून दिसणार नाही याची काळजी घेतली.

सोमवारी सकाळी मी लवकर आवरलं. इस्त्रीचा ड्रेस घातला. फोनवर कुणी बघणार नव्हतं, तरी घातला. हेडफोन लावून बसले, पान उघडायला गेले, तर पान उघडेना. राउटरकडं बघितलं. डबा चालू, पण निळ्या भोकाजवळचा दिवा विझलेला. भिंतीवर थाप मारली. काही नाही. भोकाला कान लावला. घर निपचित.

बाहेर आले तर रतनबाईच्या दाराला कुलूप. मग डोक्यात उजेड पडला. ही बाई रानात निघाली की घराचं मेन बटण पाडून जाते. फ्रीज, पंखा, सगळं. आमच्या सासूबाई तसंच करायच्या, वीज मागं ठेवून घराबाहेर पडू नये म्हणून. काल रविवार, काल ती घरात होती. माझं भोकं काय, दिवे काय, सगळं विचारून झालं होतं, एवढंच विचारायचं राहिलं होतं.

ती खाचरांच्या बांधावरून चालली होती, डोक्यावर पाटी, हातात खुरपं. फार लांब नव्हती. मी अंगणाच्या कडेला जाऊन ओरडले, "मने, अगं मने, मेन बटण पाडलंय कुनीतरी."

मनी उंबऱ्यावर झोपली होती. तिनं एक डोळा उघडला आणि मिटला. रतनबाई चालत राहिली. ऐकू गेलं होतं तिला, पाटीवरचा हात हलला होता.

"मने, दहाला माजी हजेरी हाय गं."

ती थांबली नाही. आणि मला कळून चुकलं की आज मांजर चालणार नाही. चार वर्षांत मी ताप काढला, दिवाळ्या काढल्या, सासूबाईंचं दिवसकार्य काढलं, पण हिला हाक मारली नाही. तिनंही मारली नाही. जी आधी बोलेल ती हरली, हे आमच्यात न बोलता ठरलेलं होतं. आत टेबलावर माझं नाव एका उघडत नसलेल्या पानावर अडकलं होतं, आणि पुण्यात कुणीतरी पुढची मुलगी फोनजवळ बसलेली होती. मला रतनबाईचा मनस्वी राग आला.

"आक्का."

ती जागच्या जागी उभी राहिली. पाठ माझ्याकडंच. मग हळूच वळली, पाटी एका हातानं सावरत.

"काय म्हनालीस?"

"आक्का म्हनाले."

"वाऱ्यात ऐकाय आलं न्हाई."

"आक्का, तुमी मेन बटण पाडलंय. माजी नोकरी जाईल. परत या."

ती आली. धावत नाही, देवळातून येतात तशी. बांध उतरली, पाय धुतले, पाटी ओट्यावर ठेवली, कमरेची किल्ली काढली. मी दारात उभी राहून जळत होते. तिनं आत जाऊन बटण चढवलं. फ्रीज घुरघुरला. मी घराकडं पळणार, तेवढ्यात ती म्हणाली, "थांब."

मी थांबले.

"म्या रोज ह्या वक्ताला रानात जाते. बटण पाडूनच जाते. सासूबाईंनी लावलेली सवय हाय, ती मी मोडनार न्हाई."

"मग मी काय करायचं, आक्का?"

"हाक मारायची."

"रोज?"

"रोज. मांजराला न्हाई, मला." तिनं पाटी परत डोक्यावर घेतली. "आन भाकरीला पापुद्रा सुटत न्हाई म्हनाले, ते अजून बी म्हनते."

"आन मी म्हनाले ते मी बी मागं घेत न्हाई."

"नको घिऊ," ती म्हणाली आणि बांधाला लागली.

मी दिवा हिरवा व्हायच्या आत खुर्चीत बसले. हजेरीत माझं नाव आलं, शेवटून दुसरं, पण आलं. पहिल्या फोनवर एका बाईनं मला दोनदा झापलं आणि मी तिच्याशी गोड बोलले. मला ते अवघड गेलं नाही, सकाळी त्याहून अवघड बोलून झालं होतं.

मंगळवारी मी अंगणाच्या कडेला उभी राहिले आणि हाक मारली. रतनबाई चालत राहिली. दुसऱ्या हाकेला थांबली, वळली आणि "ओ" म्हणाली. पहिली हाक तिला ऐकू आली होती, हे मला पक्कं ठाऊक आहे.