विस्तवाविना उकळलेलं पाणी

"बघा रे बघा! विस्तव नाही, सरपण नाही, आणि पाणी उकळणार!" दुभाष्या बरका ओरडला, तशी तंबूपुढची आफ्रिकेतल्या न्यामवेझी लोकांची गर्दी मागे सरली.

एडविन हॉलिस पेटीवर बसून होता. नद्यांचे उगम शोधायला लंडनहून निघालेला तेवीस वर्षांचा पोरगा. झांझिबारचा किनारा सोडल्यापासून प्रत्येक गावात हाच खेळ पाहून तो विटला होता.

समोर गावातल्या न्यामिझी नावाच्या पोरीचा बाप तापाने फणफणला होता. मोहिमेचा प्रमुख कॅप्टन ग्रीव्ह याचा सौदा असा: या पाण्याने म्हातारा उठेल, बदल्यात गावचे तरुण तळ्यापर्यंत ओझी वाहतील. त्यांत न्यामिझीचा नवराही होता.

ग्रीव्हने दोन पेले उचलले.

"थांबा," न्यामिझी म्हणाली. "आमच्यात देणारा आधी चाखतो."

"उकळलं की चाखतील साहेब," बरका म्हणाला.

"पेले दोन आहेत. दोन्ही चाखू देत. आत्ता."

"पोरी, देवाच्या पाण्यावर संशय?"

"मग देव स्वतः प्यायला का घाबरतोय रे?"

गर्दीत हशा पिकला. ग्रीव्हने मान फिरवली. न्यामिझीने एडविनकडे पाहिलं. "तू? तूही देणाऱ्यांतलाच ना?"

एडविन जड अंगाने उठला. दोन्ही पेले चाखून मोडक्यातोडक्या न्यामवेझीत म्हणाला, "हा आंबट, हा खारट. दोन्हींत दोन वेगळ्या पुड्या विरघळवल्यात. एकत्र केल्या की फेस येतो. पोट साफ करायचं औषध आहे हे, तापाचं नाही. तूच ओत."

तिने ओतलं. पाणी फसफसून वर आलं. तिने त्यात बोट बुडवलं.

"गार आहे की हे!"

एडविनने स्वतःचं कोयनेल काढलं, आधी जिभेवर ठेवलं, मग म्हाताऱ्याला पाजलं. "हे तापाचं. पण उशीर झालाय. उतरेलच असं सांगत नाही."

"मूर्खा, आता ओझी कोण वाहणार?" ग्रीव्ह गुरगुरला.

"आपण."

पहाटे म्हातारा गेला.

"ते उकळतं पाणी पोटात गेलं असतं तर वाचला असता," शेजारचा एक म्हातारा पुटपुटला. "पोरीनं घात केला."

न्यामिझी बापाचे पाय धरून बसली होती. "काका, बाप माझा गेलाय. मला तो हवाच होता. पण मला हवा होता म्हणून गार पाणी उकळतं होत नाही."

 

आपलं माणूस हातचं निसटताना कुणीही पुढे केलेला पेला आपण घेतो. दोष त्या तहानेचा नाही. पण ओठाला लावण्याआधी एवढं तरी विचारावं: यात काय घातलंय, आणि देणारा स्वतः का पीत नाही?