कुनाफ्याची ताटली

अमेरिकेत नवा राष्ट्राध्यक्ष निवडून आल्याचं सकाळी रेडिओवर सांगितलं आणि पॅलेस्टाईनमधल्या नाब्लुसच्या बाजारात नझमी हलवायाच्या आनंदाला उधाण आलं. "सुटलो बाबा जुन्या पीडेतून! हा तरी मारामारी थांबवील!" म्हणत त्याने कुनाफ्याची, चीज-शेवयांच्या त्या मिठाईची, अख्खी परात फुकट वाटली. शेवटची ताटली घेऊन तो शेजारच्या उम्म अनसकडे गेला. तिने रिवाजाप्रमाणे बिनसाखरेची कडू कॉफी पुढे केली, तेव्हा कुठे त्याची ट्यूब पेटली. दुखवट्याचं घर हे! चाळिसावा दिवस होईपर्यंत इथे गोड आणायचं नसतं. सैनिकांची गोळी लागून गेलेल्या तिच्या मुलाच्या, अनसच्या जनाज्याला त्याने स्वतः खांदा दिला होता.

"चुकलो, वहिनी. अक्कल गहाण पडली माझी. नेतो परत."

"राहू दे आता." तिने ताटलीकडे पाहिलंही नाही. "मागचा निवडून आला, तेव्हाही तू असाच नाचत आला होतास. माझ्या अनसने मागून मागून खाल्लं. 'नझमीकाकाने गोड वाटलंय, आता कसली भीती?' म्हणाला, आणि तेव्हापासून बिनधास्त हिंडायला लागला."