लच्छूचा खांब

ज्याच्या दारी विद्या मागावयास जावे, त्याची आज्ञा शिरोधार्य मानावी, असे आपल्याकडे शिकवतात; आणि दिलेला शब्द, मग तो दुसऱ्याने दिलेला का असेना, आपल्या हातून मोडू नये, असेही शिकवतात. या दोन शिकवणी एकाच दिवशी समोरासमोर आल्या, तर माणसाने कोठे सरावे, हे मात्र कोणी सांगत नाही. नागभीडच्या मनकर्णेवर ती वेळ उमेदवारीच्या पहिल्याच दिवशी आली.

१९८६ चा डिसेंबर होता. चंद्रपुरात एका विश्वस्त मंडळाने आधुनिक कलेचे संग्रहालय बांधले होते आणि दुसऱ्या दिवशी त्याचे उद्घाटन होते. मनकर्णेचे वडील खुशाल रेल्वेत सांधेवाले. छप्पनच्या धम्मदीक्षेपासून मुलांना शिकवायचेच, हा त्या घराचा नेम. त्यामुळे ती चित्रकलेची पदविका घेऊन येथवर पोहोचली होती. महिनाभर काम पाहू, मग कायम करू, असे संचालक देशकर सरांनी तिला सांगितले होते.

दालनात सागाचा एक उंच खांब आडवा पडला होता. आलापल्लीकडच्या लच्छू नावाच्या गोंड कारागिराने तो संग्रहालयासाठी कोरला होता. वर सूर्य-चंद्र, खाली मोर, बैलजोडी, नाचणारी माणसे. आणि तळाचा भाग कोरा, कारण तो मातीत पुरायचा. खांब पुरा झाला आणि लच्छू तापाने गेला. त्यांच्यात गेलेल्या माणसाच्या नावाने असा खांब रोवतात. गाव म्हणाले, हा आता त्याचाच. तरीही त्याची बायको सोमारी हिने तो दिला, कारण नवऱ्याने शब्द दिला होता. अट एकच घातली, की खांब मातीत उभा राहावा. सरांनी होकार दिला. तो उभा राहिलेला पाहण्यासाठी ती खांब आणणाऱ्या ट्रकमधूनच आली होती आणि व्हरांड्यात बसून होती.

परंतु दालनात माती नव्हती, शहाबादी फरशी होती. आणि छत बुटके होते. झिंगू सुतार करवत घेऊन आला, तेव्हा सरांनी मनकर्णेला बाजूला बोलावले. त्या बाईंना चहाला न्या, बोलण्यात गुंतवा, असे ते हलक्या आवाजात म्हणाले. कोरा भाग कापून खांब लोखंडी बैठकीवर बसवू, भोवती माती पसरू. त्यांना कळणारही नाही. देशकर वाईट गृहस्थ नव्हते. आयुष्याची उमेद त्यांनी त्या वास्तूत ओतली होती, आणि उद्घाटनाला पाहुणे यायचे होते.

फाटकाजवळच्या टपरीवर सोमारीने चहाचा घोट घेतला.

"तुमच्या चाहात साखर लय अन् दूध कमी," ती म्हणाली. "आमच्या इथी तसं भांडण नाई. दोनी नाई."

मनकर्णेला हसू आले नाही. मेलेला माणूस लाकडात राहतो, यावर तिचा विश्वास नव्हता. तिच्या घरी असले विधी कधीच सुटले होते. लाकडापायी ही जागा घालवायची? बापाला काय सांगायचे?

एवढ्यात आतून करवतीचा आवाज आला. सोमारीचा हात थबकला.

"काय कापून राह्यले वं?"

"फळ्या कापून राह्यले, मावशी."

"असन मंग," म्हणून सोमारी पुन्हा निवांत चहा पिऊ लागली.

तिने संशय घेतला असता, तर मनकर्णेने ते असत्य कदाचित निभावले असते. तो निवांत घोट मात्र तिला सोसवला नाही.

"मावशी, मी खोटं बोलली. लच्छूभाऊचा खांब कापून राह्यले. चाल लवकर."

त्या दोघी दालनात आल्या, तेव्हा करवत दोन बोटे आत गेली होती. सोमारी ओरडली नाही, रडली नाही. ती सरळ जाऊन खांबाच्या कोऱ्या भागावर बसली.

झिंगूने कपाळ पुसले. "साहेब, आता बाईवरूनच करवत चालवू का?"

देशकर मनकर्णेकडे वळले.

"तुम्हाला एकच काम सांगितलं होतं."

"हो सर."

"मग?"

"त्यांनी माझं लगेच खरं मानलं, सर."

 देशकर खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग त्यांनी पुढच्या अंगणात खड्डा खणायला सांगितले. बाहेर जाताना मनकर्णेजवळ थांबून, आवाज न चढवता, त्यांनी तिला उद्यापासून येऊ नका म्हटले. सांगितलेले काम करणारे माणूस त्यांना हवे होते.

दिवस कलताना खांब उभा राहिला. सोमारीने त्याला हळद लावली, तांदूळ वाहिले. मनकर्णेने हात जोडले नाहीत. तो तिचा धर्म नव्हता. तिने चपला काढल्या आणि अनवाणी पायांनी खांबाभोवतीची माती दाबू लागली. थोड्या वेळाने सोमारीही तिच्यासोबत माती दाबू लागली.

"माह्यापायी तुही नोकरी गेली का, पोरी?"

"माह्या तोंडापायी गेली, मावशी."

सोमारी हसली, मग तिने पदर डोळ्यांना लावला.

लच्छूला त्या मातीत विसावा मिळो. सोमारीची परतीची वाट सुखाची होवो. देशकरांच्या वास्तूला जाणती माणसे लाभोत. आणि त्या संध्याकाळी नागभीडच्या छोट्या रेल्वेगाडीत खिडकीशी बसलेल्या मुलीला, घरी काय सांगावे, याचे शब्द सापडोत.