साडेपाचचं पत्रक

आर्वो लेहतोच्या उजव्या हाताने सप्टेंबरात संप पुकारला. झटका मेंदूला आला होता, पण बिल फाडलं ते हाताच्या नावावर. डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, हिल्माला, बाजूला घेऊन सांगितलं की चालणं येईल, बोलणंही रखडत रखडत येईल, हाताचं मात्र काही सांगता येत नाही. घरी आल्यावर आर्वोने जे पहिलं वाक्य जुळवलं त्यात ना बायकोची चौकशी होती ना स्वतःची.

"पत्रक... कोण काढतंय?"

"सध्या कोणी नाही. अजून बर्फ कुठे पडलंय?" हिल्मा म्हणाली.

"पडेल," आर्वो म्हणाला, आणि ते काही चुकीचं नव्हतं. सुपीरियर सरोवराच्या काठावर बर्फ पडेल असं म्हणणाऱ्याला ज्योतिषी कोणी म्हणत नाही.

एकोणीस हिवाळे आर्वो हे पत्रक काढत होता. सरोवरापासून जुन्या तांब्याच्या खाणींपर्यंत अकरा खांब उभे आहेत. किती बर्फ साचलं, वारा कुठला, हे ते खांब रात्रभर मोजतात. पहाटे उठून आर्वो ते आकडे मागवायचा, खाली आपल्या अकलेने दोन ओळी लिहायचा ("गल्च रोडवर वारा आडवा आहे, बसने टेकडीवरून जाऊ नये") आणि साडेपाचच्या ठोक्याला पत्रक बर्फ लोटणाऱ्या गाड्यांना, शाळेच्या बसवाल्यांना आणि रेडिओला जायचं. लिहायचं कॉम्प्युटरवरच्या एडिटरमध्ये, म्हणजे मजकूर लिहायच्या प्रोग्राममध्ये. पाठवायचं मात्र पडद्यावरच्या दुसऱ्या एका काळ्या खिडकीतून, एकाखाली एक चार लांबलचक कमांड टाइप करून. उजवा हात शाबूत होता तोवर त्या चार कमांड म्हणजे चार शिंका.

डिसेंबरात त्याने डाव्या हाताने करून पाहिलं. तिसऱ्या कमांडमध्ये एक अक्षर गळलं आणि सगळ्या तालुक्याला कोरं पत्रक गेलं. सर्वात मोठी गाडी चालवणाऱ्या मार्जी कोस्केलाने वायरलेसवरून विचारलं, "काय हो म्हातारबुवा, आज नुसतं बर्फाचं चित्र काढून पाठवलंत की काय? पांढऱ्यावर पांढरं?"

आर्वो हसला नाही. त्या दिवशी तो जेवलाही नाही.

जानेवारीत रस्ते खात्याचा प्रमुख ऑर्व्हिल पेन्हेल घरी आला. शाळेत आर्वोच्या वर्गातला. टोपी हातात धरून बसला, वेलचीच्या गोड पावाचे तीन तुकडे खाल्ले, हवापाण्याबद्दल बोलला. तो हवापाण्याबद्दल बोलायला लागला तेव्हाच हिल्माने ओळखलं की बातमी वाईट आहे.

"दक्षिणेकडची एक कंपनी आहे," तो शेवटी म्हणाला. "सगळं आपोआप करतात म्हणे."

"बर्फ पाहिलंय का त्यांनी?" हिल्माने विचारलं.

"फोटोत पाहिलं असेल. हे बघ हिल्मा, माझ्यावर चिडू नकोस, मला बैठकीत उत्तर द्यावं लागतं. पुढचा सोमवार, मंगळवार, बुधवार. तीन सकाळी. साडेपाचला, बरोबर, आणि याच्या स्वतःच्या हाताने. जमलं तर मी त्या कंपनीला नको म्हणतो. नाही जमलं तर..." त्याने चौथा तुकडा उचलला आणि परत ठेवला.

तो गेल्यावर आर्वो खिडकीकडे तोंड करून बसला. पेन्शन होती, घर होतं, पोटाची काही अडचण नव्हती. पण पहाटे चारला उठायला कारण नसलेला आर्वो कसा दिसतो ते हिल्माने सप्टेंबरपासून पाहिलं होतं. तो माणूस तिला नको होता.

हिल्मा शाळेच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं होती. तिच्या पाककृतीही आर्वोच्याच एडिटरमध्ये होत्या, कारण लिहायला दुसरं काही तो त्या कॉम्प्युटरवर ठेवूच देत नसे. लग्नात सासूची भांडी गळ्यात पडावीत तसा तो एडिटर तिच्या गळ्यात पडला होता. पण माणूस सासूच्या भांड्यांतही स्वयंपाक शिकतोच. दोनशे चाळीस मुलांच्या पास्टीला, म्हणजे सारण भरून भाजलेल्या मोठ्या करंज्यांना, किती पीठ लागेल याचा हिशोब ती त्याच एडिटरमध्ये बसल्या जागी करून घ्यायची. बाहेरच्या आज्ञावलीला आतूनच हाक मारायची आणि उत्तर पाककृतीखाली उतरवून घ्यायचं, एवढं तिने एडिटरसोबत येणारी पुस्तिका वाचून वाचून जमवलं होतं. एक हाक मारता येते तर चार का नाहीत?

आठवडाभर ती दुपारची बसली. एक फंक्शन लिहिलं. एक कळ दाबायची, की एडिटरने पडद्याआड एकामागून एक चारही कमांड चालवायच्या. त्या चालू असताना आर्वोचं लिहिणं अडू नये म्हणून तिने त्यांना मागच्या दाराने सोडलं आणि त्यांची बडबड समोर येऊ न देता एका दडवलेल्या पानावर टाकली. खऱ्या पत्रकाला धक्का नको म्हणून चाचणीला एक वेगळा कोरा फोल्डर केला. दहा वेळा चालवलं, दहाही वेळा सुरळीत.

आर्वो मागे उभा राहून बघत होता. "कंस," तो म्हणाला. "जास्त आहेत."

"तुझ्या आईच्या कोटाला बटणं जास्त होती, तेव्हा तू काही बोलला नाहीस," हिल्मा म्हणाली.

सोमवारी पाच वाजून वीस मिनिटांनी आर्वोने डाव्या हाताच्या करंगळीने कळ दाबली. पडद्याच्या तळाशी अक्षरं उमटली : चालू आहे.

पाच पंचवीस. चालू आहे.

साडेपाच. चालू आहे.

पाच पस्तीसला वायरलेस खरखरला. मार्जी. "लेहतोसाहेब, मी गाडी सुरू करून बसलेय. निघू की चहा टाकू?"

आर्वो हिल्माकडे बघत राहिला. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. ती खुर्चीत बसली, एडिटरमधली उघडी पानं एकेक करून चाळू लागली आणि ते दडवलेलं पान तिने पुढे आणलं. त्यावर एकच ओळ होती :

कालच्या तुलनेत ११ पैकी ९ आकडे बदलले. पाठवू का? (हो/नाही)

पंधरा मिनिटं ती बिचारी कमांड तिथे अंधारात उभी राहून विचारत होती, आणि तिचं ऐकायला त्या खोलीत कोणीही नव्हतं.

हिल्माने तिथेच हो टाइप केलं. पत्रक पाच एक्केचाळीसला गेलं. मग ती आर्वोकडे वळली. "ही कमांड असा प्रश्न विचारते हे मला सांगितलं का नाहीस? कोऱ्या फोल्डरमध्ये कालचं पत्रकच नव्हतं, मग विचारणार कशाशी ताडून?"

आर्वोने बराच वेळ शब्द शोधले. मग उजवा हात डाव्याने उचलून तिच्यासमोर टेबलावर ठेवला, दुकानदार माल ठेवतो तसा.

"याला माहीत होतं," तो म्हणाला. "मला नव्हतं."

एकोणीस वर्षं रोज पहाटे त्या प्रश्नाला हो म्हणायचं काम हाताने परस्पर केलं होतं, आणि जाताना हात ते ज्ञान सोबत घेऊन गेला होता. हिल्माने त्या हातावर आपला हात ठेवला आणि लगेच काढला, कारण आर्वोला कीव चालत नसे.

आठ वाजता ऑर्व्हिलचा फोन आला. "अकरा मिनिटं उशीर, हिल्मा."

"मला घड्याळ वाचता येतं, ऑर्व्हिल."

"अजून दोन सकाळी आहेत."

"मला मोजताही येतं."

उपाय सोपा होता. तिने दुपारी एक ओळ घातली : प्रश्न आला की एडिटरने स्वतःच हो म्हणून टाकायचं. आर्वोला दाखवलं तर त्याने मान हलवली. ती समजली, बरं म्हणतोय. पण तो नकार होता.

"नाही. मला... विचारायचं."

"अरे, एकोणीस वर्षांत तू कितीदा नाही म्हणालास?"

प्रश्न डोळ्यांसमोर आल्यापासून आर्वोला तेही आठवलं होतं. त्याने बोटं वर केली. दोन. थोडा विचार करून तिसरं अर्धवट उचललं.

"अडीचदा! अडीचदा नाही म्हणण्यासाठी रोज विचारायचं?"

"हो," आर्वो म्हणाला. या एका शब्दाला त्याला अजिबात वेळ लागला नाही.

हिल्मा चिडली, तिने भांडी आपटली, जाऊन बर्फ झाडलं आणि परत येऊन ती ओळ खोडली. मग पुस्तिकेत पुन्हा डोकं घातलं. संध्याकाळपर्यंत तिने असं केलं की पडद्याआड कमांडने प्रश्न विचारला, की तो उचलून एडिटरने आर्वोच्या समोर, तळाच्या ओळीत मोठ्या अक्षरांत आणायचा, आणि त्याने दाबलेलं एक अक्षर परत मागे पोचवायचं. निरोप्यासारखं. या वेळी चाचणीला तिने कालचं पत्रकही फोल्डरमध्ये ठेवलं.

मंगळवारी प्रश्न आला, आर्वोने वाचला, हो दाबलं. पाच अठ्ठावीस. मार्जी म्हणाली, "आज काय चहासुद्धा पिऊ द्यायचा नाही का?"

बुधवारी पहाटे वाऱ्याने घराचा पश्चिमेकडचा कोपरा धरून हलवला. मागच्या दाराला कमरेइतकं बर्फ टेकलं होतं. ऑर्व्हिल स्वतः आला, पायताणं दारात सोडून मोज्यांनीच टेबलापाशी येऊन बसला. आर्वोने दोन ओळी लिहिल्या, एकेक अक्षर वेचून. पाच सत्ताविसाला कळ दाबली. तळाशी प्रश्न आला :

कालच्या तुलनेत ११ पैकी ० आकडे बदलले. पाठवू का?

हिल्माचा हात पुढे झाला होता. आर्वोने तो आपल्या कोपराने अडवला. खिडकीकडे बघितलं. पडद्याकडे बघितलं. मग दाबलं : नाही.

"काय झालं?" ऑर्व्हिल म्हणाला. "आर्वो, दोन मिनिटं राहिलीत."

"शून्य," आर्वो म्हणाला आणि खिडकीकडे हनुवटी केली.

मग हिल्माच्या डोक्यात उजेड पडला. रात्रभर असं वादळ चाललंय आणि अकराच्या अकरा खांबांवर बर्फ जागचं हललं नाही? आकडे गोळा करणारं यंत्रच गोठलं होतं आणि कालचेच आकडे शिळ्या भातासारखे पुन्हा वाढत होतं. पत्रक गेलं असतं तर सगळे रस्ते कालच्यासारखे मोकळे दिसले असते, आणि बस टेकडीवर चढली असती.

आर्वोने वायरलेस ओढला. "मार्जी. गल्च रोड. बघून... सांग."

"वादळ बघून आज आधीच निघाले, आत्ता कुठे वळणावर आलेय हो. थांबा." खरखर. मग तिचा आवाज बदललेला. "म्हातारबुवा, गाडीच्या दिव्याच्या वर आहे इथे. बस पाठवू नका. कोणालाच पाठवू नका."

आर्वो लिहायला लागला. सगळे आकडे त्याने खोडले. डाव्या हाताची दोन बोटं, एकेक अक्षर. हिल्माने हात पाठीमागे बांधून घेतले, नाहीतर तिने कीबोर्ड हिसकावून घेतला असता. ऑर्व्हिल घड्याळाकडे बघायचं विसरला. आकडे खोटे आहेत. टेकडीचे रस्ते बंद. शाळा बंद. गल्च रोड मार्जीने पाहिला आहे.

पुन्हा कळ. ११ पैकी ११ बदलले. पाठवू का?

हो.

पाच सदतीस.

 मग ऑर्व्हिलने खिशातून वही काढली, पाच सदतीस असं लिहिलं, त्याकडे पाहिलं आणि वही मिटली.

"त्या कंपनीने पाच एकोणतीसला पाठवलं असतं," तो म्हणाला. "एकदम वेळेवर." त्याने चेहरा हातांनी चोळला. "माझी नात त्या बसमध्ये असते. एप्रिलपर्यंत तुझंच, आर्वो. एप्रिलनंतरचं बैठकीत मी भांडेन. आणि हिल्मा, ते विचारणारं जे काय आहे तू केलेलं, ते शेजारच्या तालुक्याच्या खात्यालाही हवं असेल. लिहून देशील?"

"विचारते," हिल्मा म्हणाली. "एडिटर त्याचा आहे."

ऑर्व्हिल निघाला तेव्हा दारात बर्फ ढकलायला त्याला दहा मिनिटं लागली. हिल्मा कॉफी टाकायला उठली, तर आर्वोने तिची बाही धरली.

"शून्य आलं तर," तो म्हणाला, "आधी... पुन्हा मागव. मग विचार."

"चांगलं आहे. दुपारी लिहिते."

"नाही." त्याने खुर्ची पुढे ओढली, तिचं फंक्शन उघडलं आणि तिचा एक जादाचा कंस खोडला. "मी."

हिल्मा चुलीपाशी गेली. मागून टक आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग टक. तिने कॉफी जरा जास्तच सावकाश केली.