आधी खोट, मग खेळ

जरा हळू धरा. आणि हात धुतलेत ना, तेवढं सांगा. रागावू नका, मला विचारायची सवयच आहे. मी गेम खेळायचा कंट्रोलर. दोन मुठींत मावणारा, काळा, उजवीकडे झिजून चकचकीत झालेला. मला डोळे नाहीत. पण एका बाजूने माणसाचे अंगठे मला दाबतात आणि दुसऱ्या बाजूने गेम मला आतून थरथरवतो. दोन्ही पक्षांचं ऐकणारा शेवटी संशयीच होतो. सोयरीक जुळवणाऱ्या मध्यस्थांना विचारून बघा.

या संशयाची सुरुवात जन्मापासूनची आहे. कारखान्यात एका यंत्राने माझं एकेक बटण दाबदाबून पाहिलं आणि मला तपासनिसापुढे सरकवलं. अंगठ्याने फिरवायच्या माझ्या दोन्ही स्टिक त्याने गोल फिरवल्या, एक भली मोठी जांभई दिली आणि 'उत्तम' म्हणून मला पुढे ढकललं. आता माझी उजवी स्टिक हात न लावताही किंचित डावीकडे ओढते. तेव्हाही ओढत होती. मला कळत होतं, त्याला कळलं नाही. तेव्हापासून कुणी कशाला 'उत्तम' म्हटलं की माझ्या मनात पाल चुकचुकते. खरंच पाहिलंस का बाबा, की जांभई देत होतास?

खोक्यातून बाहेर आलो तो एका छोट्या दुकानात. तिथे गेम विकतात आणि खेळायला घरीही देतात. दुकान नवराबायकोचं. गिऱ्हाइकं त्यांना काका-काकू म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. काका काउंटरवर बसतात आणि बोलतात. काकू मागच्या खोलीत बसतात आणि खेळतात. काकांनी जन्मात मला हात लावलेला नाही. त्यांना जिना चढतानासुद्धा धडपडायला होतं.

काकूंनी मला पहिल्यांदा हातात घेतलं आणि लगेच म्हणाल्या, "अहो, हा डावीकडे ओढतोय."

"मग परत पाठवू या का?"

"राहू दे. माहीत असलेली खोट बरी. न कळलेली वाईट."

मला फार बरं वाटलं. नीट बघणारं निदान एक माणूस भेटलं होतं.

त्या दुकानात एक वरची फळी आहे. तिच्यावर मोजकेच गेम असतात. काकूंचं म्हणणं असं की परिपूर्ण गेम आजवर कुणी केलेला नाही, पण परिपूर्णाच्या अगदी शेजारी राहणारे थोडे आहेत. ते शोधायचं काम त्यांचं. गेम शेवटपर्यंत खेळल्याशिवाय त्या तो वर ठेवत नाहीत. आणि तो वर चढवताना काका दरवेळी एकच प्रश्न विचारतात, "खोट काय?" काकूंनी खोट सांगायची. मग तो गेम मागणाऱ्या प्रत्येकाला काका आधी ती खोट ऐकवतात. "घ्या, पण होडी फार सावकाश चालते हं." "सुंदर आहे, पण मधमाश्यांचा आवाज डोकं उठवतो." गुण काय ते गिऱ्हाइकाने घरी जाऊन शोधावेत. अशा दुकानाला टाळं लागायला हवं, पण लोक लांबून येतात. खोट सांगणारा दुकानदार कुठे मिळतो?

काकूंचं खेळणंही माझ्यासारखंच संशयी. गेम जिकडे जा म्हणेल तिकडे त्या आधी जायच्याच नाहीत. कड्यावरून मुद्दाम उडी मारून बघायच्या. मधेच नुसत्या बसून राहायच्या, गेम घाई करतो का, उगाच बडबडतो का ते बघत. "आपल्याला मठ्ठ समजतोय हा," असं एकदा म्हणाल्या की त्या गेमची रवानगी खालच्या फळीवर.

मग तो डाकवाल्याचा गेम आला. बर्फाच्या डोंगरातून एक डाकवाला पत्रांची थैली घेऊन चाललाय, एवढीच गोष्ट. वितरकाचा माणूस घेऊन आला तोच स्तुती करत. "काकू, याच्यात नाव ठेवायला जागा नाही. लिहून देतो." इतकं गोड बोलणाऱ्याच्या मनात काहीतरी काळंबेरं असतं, असा माझा अनुभव.

पण गेम खरंच चांगला निघाला, हे मलाही कबूल करावं लागलं. भुसभुशीत बर्फात तो मला हलकेच कंप द्यायचा, कडक बर्फात खट्कन. काकू रोज सकाळी, दुकान उघडायच्या आधी, शांतपणे चालत राहायच्या. शेवटी एक लोखंडी दार आलं. ते उचलायला एकच बटण भराभर दाबत राहायचं, थांबलं की दार धाडकन खाली. मी नुसता हादरत होतो. काकूंचा अंगठा भराभर आला, मग हळू झाला, मग थांबला. दार पडलं. पुन्हा. मग त्यांनी तर्जनी लावून पाहिली. मग डावा हात आडवा आणला. मग मला मांडीवर ठेवलं आणि बराच वेळ उचललंच नाही.

दुसऱ्या दिवशी काका गेम घेऊन फळीपाशी उभे राहिले. "खोट काय?"

काकू म्हणाल्या, "अक्षरं बारीक आहेत."

मी चाटच पडलो. बाई दाराच्या पलीकडे गेलेलीच नाही, आणि निकाल देऊन मोकळी! म्हटलं, इथे नक्की पाणी मुरतंय. वितरकाच्या गोड बोलण्याला भुलल्या, की खेळाचाच कंटाळा आला? हल्ली त्यांचा उजवा अंगठा उशिरा यायचा, बटण अर्धवट दाबायचा, ते मला जाणवत होतं. मन लागत नाही, असा अर्थ मी काढला. मला वाईट वाटलं. एक विश्वासाचं माणूस होतं, तेही जांभई द्यायला लागलं.

त्यात दुसरंच प्रकरण सुरू झालं. दुपारी दुकान बंद करून काका-काकू आडवे झाले की मला कुणीतरी उचलायला लागलं. ओलसर अंगठे, साबणाचा वास. सूनबाई! लग्न होऊन या घरात नुकतीच आलेली. आवाज बंद करायची आणि काकूंनी जिथे गेम सोडला होता तिथूनच, त्या दारापासूनच, खेळायला बसायची. माझी खात्री पटली की हिला सासूची खुर्ची हवीय. सगळं कसं गुपचूप, मांजर डोळे मिटून दूध पितं तसं. तिने ते दार उचललं तेव्हा माझं बटण आत रुतलं, ते आजतागायत नीट वर आलेलं नाही. खेळून झालं की ती मला पुसून होतं त्याच जागी ठेवायची. पुसणाऱ्यांवर माझा जास्तच संशय असतो.

मग एके दिवशी ड्रायव्हर आजोबा आले. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले, काकूंच्या फळीवर डोळे झाकून भरवसा ठेवणारे. डाकवाल्याचा गेम त्यांनी काउंटरवर ठेवला. मी तेव्हा काकूंच्या हातात होतो आणि मधलं दार उघडं होतं.

"काय आजोबा, अक्षरं बारीक होती ना?" काकांनी विचारलं.

"अक्षरं वाचली चष्म्याने. पण ते शेवटचं दार काही उचललं नाही. बोटं आखडतात माझी." आजोबा हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "वय झालं. आता हे खेळबिळ बंद करावं म्हणतो. उगाच दुसऱ्याची जागा कशाला अडवायची?"

काकूंची पकड एकदम घट्ट झाली. उजवा अंगठा मात्र तसाच अधांतरी.

इतक्यात सूनबाई पुढे झाली. मनात म्हटलं, झालं. आता ही सासूचं बिंग फोडणार आणि खुर्चीवर बसणार.

"आजोबा, तुमचं वय नाही," ती म्हणाली. "खोट गेममध्ये आहे. मी खेळलेय ते दार. माझी बोटं धड आहेत, तरी दोन दिवस मला भाजी चिरता येत नव्हती. आणि ते दार सोपं करायची सोयच नाही त्यात. सगळीकडे शोधलं मी."

"तू खेळलीस?" काकांनी विचारलं. "अगं पण मग हिने हे कसं नाही सांगितलं?"

सूनबाईला सगळं माहीत होतं. काकू कुठे थांबल्या, ते तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण ताकास तूर लागू दिली नाही. "सासूबाईंनी दार उचललंच नाही" हे चार शब्द तिने गिळून टाकले. माझे सगळे अंदाज तिथेच कोलमडले आणि मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

काकू उठल्या. मला घेऊनच बाहेर आल्या आणि उजवा हात काउंटरवर ठेवला. अंगठ्याचं मूळ सुजलेलं होतं, म्हणे. काका "अगं!" एवढंच म्हणाले.

"मी शेवट केलाच नाही," काकू म्हणाल्या. "दार उचललं नाही माझ्याच्याने."

"मग ही खोट का नाही सांगितलीस? आपलं कामच ते."

"काय सांगू? नाचता येईना अंगण वाकडं, असंच म्हणाले असते सगळे. मलाही तेच वाटलं. खोट माझ्यातच आहे, म्हटलं. आणि एकदा तुम्हाला कळलं, की मग मागच्या खोलीत माझं काम काय उरलं?"

आवाज कापत होता त्यांचा.

"पण आई," सूनबाई हळूच म्हणाली, "अंगण खरंच वाकडं आहे."

आजोबा मोठ्याने हसले. या वेळी खरं हसले. काकूंनी डोळे पुसले आणि पुढच्या क्षणी त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "अहो, तो गेम खालच्या फळीवर ठेवा. सबंध रस्ता इतक्या प्रेमाने चालवायचं, आणि उंबऱ्यावर हाकलून द्यायचं? असला गेम परिपूर्णाच्या शेजारी राहत नाही. पलीकडच्या गल्लीत राहतो."

"पण दारापलीकडे आहे तरी काय?" आजोबांनी विचारलं. "तेवढं कळलं असतं तर…"

ते काकूंनाही कळायचं राहिलं होतं. मग सगळे मागच्या खोलीत आले आणि गेम दाराच्या थोडा अलीकडून पुन्हा सुरू झाला. काकूंनी माझी डावी बाजू धरली. सूनबाई त्यांना चिकटून बसली आणि तिने उजवी बाजू धरली. माझ्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. डाव्या स्टिकने सासू डाकवाल्याला चालवतेय, उजव्या स्टिकने सून त्याची नजर फिरवतेय. डाकवाला दोनदा दरीत पडला.

"अगं, वर बघ, वर!"

"आई, तुम्ही थांबा ना जरा!"

दार उचललं गेलं. पलीकडे म्हणे एक लहानसं गाव होतं, खिडक्यांत दिवे. डाकवाल्याने थैली उपडी केली.

"एवढ्यासाठी?" काकू म्हणाल्या. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "छान आहे पण." आणखी थोड्या वेळाने, "अक्षरं मात्र खरंच बारीक आहेत."

आता रोज सकाळी दोघी मला अशाच धरून बसतात. काकू थांब म्हणतील तिथे सूनबाई थांबते, आणि काकूंना न दिसलेली खोट कधीकधी तिला दिसते. फळीवर नवे गेम चढतात, पण आता अंगठ्यांना काय त्रास होतो, तेही काका आधीच सांगतात. ड्रायव्हर आजोबांचं खेळणं चालू आहे.

माझं मात्र काही खरं नाही. रुतलेलं बटण उन्हाळ्यात चिकटतं. वितरकाच्या माणसाने परवा एक नवा कंट्रोलर आणून ठेवलाय आणि त्याच्याबद्दलही "नाव ठेवायला जागा नाही" म्हणाला. खोकं अजून उघडलेलं नाही. मी त्याच्यावर लक्ष ठेवून आहे.

एक दिवस मला कुणाच्या तरी हातात देऊन टाकतील. त्या दिवसासाठी एकच मागणं आहे. माझी स्तुती करू नका, मला संशय येतो. आधी माझी खोट सांगा. हा जरा डावीकडे ओढतो, म्हणावं. सध्या त्या बाजूला काकू बसतात.